बॉबिन संपायच्या आत

माझ्या लॅपटॉपची मेमरी ४ जीबी आहे आणि आबांच्या पेटीला अडीच जीबी जागा लागते. कागदावर पेटी मावायला हवी. पण त्या चारातली जवळजवळ निम्मी मेमरी विंडोज आणि त्याची पिलावळच खाऊन बसते, त्यामुळे पेटी दारातच अडकते. हा लेख त्या अर्ध्या-पाऊण जीबीच्या भांडणाबद्दल आहे.

तुम्ही म्हणाल, वाङ्मय मंडळाच्या अंकात रॅम आणि डिस्क कशाला? कारण एकांकिकेच्या पार्श्वसंगीतात मी जी पेटी वापरली ती ऐकून तुमच्यातल्याच तिघाचौघांनी विचारलं होतं, "कुणी वाजवली गं? कुठे रेकॉर्ड केलीस?" तेव्हा धावपळीत नीट सांगता आलं नाही. आता सांगते.

आमचं घर सुरतेत, लिंबायतला. आबा, म्हणजे माझे आजोबा, मूळचे दोंडाईच्याचे. ताप्ती लाईनने जी असंख्य खान्देशी कुटुंबं उधन्याला उतरली आणि लिंबायत, डिंडोली, पांडेसरा अशी पसरली, त्यांतलंच आमचं एक. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि शाळेत मराठी, असं आमचं चार भाषांचं घर. (सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, हे मुंबईतल्या मैत्रिणींना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.) आबा आयुष्यभर लूमवर होते. आता पप्पा आहेत.

लूमच्या पगारातून पैसे बाजूला टाकून आबांनी ऐन तरुणपणी एक पेटी घेतली. तीन सप्तकांची, ३७ पट्ट्यांची, खर्ज आणि नर अशा दुहेरी सुरांची. सूर पालिताण्याचे. सौराष्ट्रातलं पालिताणा बाकीच्या जगाला जैन तीर्थ म्हणून माहीत आहे, पेटीवाल्यांना ते सुरांसाठी माहीत आहे. गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला भजन असतं आणि पेटीवर आबा असतात, हे मी कळायला लागल्यापासून बघत आले.

दोन वर्षांपूर्वी आबांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं टिकलं, उजवा हात ठणठणीत राहिला. डावा हात आणि डावा पाय मात्र गेला. सगळे म्हणाले, उजवा हात वाचला हे नशीब. पण पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे भाता. उजव्या हाताची पाचही बोटं शाबूत असून पेटीतून आवाज निघणार नाही.

हार्मोनिअम मुळात असं नव्हतं, हेही मला तेव्हाच कळलं. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४०च्या दशकात ज्या वाद्याचं पेटंट घेतलं, ते पायांनी हवा भरून, खुर्चीवर बसून, दोन्ही हातांनी वाजवायचं होतं. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आलं. इथे गाणारे-वाजवणारे जमिनीवर बसणारे, म्हणून भाता पाठीमागे आला आणि एका हाताच्या ताब्यात गेला. वाद्य जमिनीवर आणायची किंमत एक हात, अशी ती देवघेव. आपल्या संगीत नाटकांत पायपेटी होती, ऑर्गन होता. मी आबांसाठी पायपेटीचाही विचार केला. पण तिला दोन्ही पाय आळीपाळीने मारावे लागतात आणि आबांचा एकच पाय चालतो.

मग राहिला सॅम्पलर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सॅम्पलर हे सॉफ्टवेअर स्वतः आवाज तयार करत नाही. खऱ्या वाद्याच्या प्रत्येक सुराचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे असतं. की-बोर्डवरची पट्टी दाबली की त्या सुराचं रेकॉर्डिंग वाजतं. मी नवरात्रीत गरब्याच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवते. त्या पैशांतून सेलमध्ये अर्ध्या किमतीला कॉन्टॅक्ट नावाचा सॅम्पलर घेतला होता. त्यात एक तयार हार्मोनिअम लावून आबांपुढे की-बोर्ड ठेवला. स्वच्छ, सुरेल, स्टुडिओत रेकॉर्ड केलेली पेटी होती ती. आबांनी एक ओळ वाजवली आणि हात मागे घेतला. "हाई मनी पेटी नही शे," एवढंच म्हणाले.

त्यामुळे आबांचीच पेटी रेकॉर्ड करायची असं ठरलं. पण आमच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना आहे. खटखट दिवसरात्र चालू, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. तो आवाज आम्हाला ऐकू येत नाही, इतकी सवय आहे. मायक्रोफोनला मात्र येतो. सुरतेत लूम थांबतात ते दिवाळीत. कारागीर गावी जातात, मार्केट लाभपाचमेपर्यंत बंद असतं. फक्त दिवाळीत फटाके असतात. म्हणून भाऊबीज उलटल्यावर पहाटे चार ते सहा अशी वेळ काढली. तीन पहाटा लागल्या.

भाता मी मारला आणि पट्ट्या आबांनी दाबल्या. हे माझ्या डोक्यात नव्हतं, मी आणि धाकटा भाऊ मिळून करणार होतो. पण आबा म्हणाले, पट्टी मीच दाबणार. एकेक सूर ३० सेकंद. खर्ज वेगळा, नर वेगळा. प्रत्येक सूर एकदा हलक्या भात्यावर आणि एकदा भरल्या भात्यावर. म्हणजे ३७ गुणिले ४, एकूण १४८ सूर. नुसत्या वाजण्याचाच वेळ ७४ मिनिटं. एक रेकॉर्डर पेटीजवळ आणि दुसरा, मित्राकडून मागून आणलेला, स्वयंपाकघराच्या दारात. जवळचा आवाज पेटीचा, लांबचा आवाज घराचा. दोन्ही धरून फायली झाल्या २९६.

आता हिशोब. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ अशा रेकॉर्डिंगला सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात. ३० सेकंदांचा एक सूर साधारण ८.६ एमबी. गुणिले २९६, म्हणजे अडीच जीबी. सूर ४-५ सेकंदांचाच ठेवून तो मध्येच गोल फिरवायचा, म्हणजे लूप करायचा, हा सोपा उपाय असतो. पण भात्याची लय त्यात मरते. थोड्या वेळाने कानाला कळतं की तोच श्वास परत परत येतोय.

अडचण नवी नाही. १९८८ साली आलेल्या अकाई एस १००० या गाजलेल्या सॅम्पलर यंत्रात मुळात २ एमबी मेमरी होती. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज त्यात बाराएक सेकंद मावतो. सगळी वाद्यं त्या बारा सेकंदांत कोंबायची. मग १९९८ मध्ये नेमेसिस या कंपनीचा गिगासॅम्पलर आला आणि त्याने अगदी साधी युक्ती काढली. सगळं रेकॉर्डिंग मेमरीत ठेवायचंच नाही. प्रत्येक सुराची फक्त सुरुवात मेमरीत ठेवायची आणि बाकीचं डिस्कवर राहू द्यायचं. पट्टी दाबली की सुरुवात लगेच वाजते, आणि ती वाजते आहे तेवढ्यात उरलेलं डिस्कवरून मागवायचं. सुरुवात संपायच्या आत पुढचा तुकडा आला, की ऐकणाऱ्याला सांधा कळतच नाही.

कॉन्टॅक्टमध्ये याला 'डायरेक्ट फ्रॉम डिस्क', म्हणजे डीएफडी म्हणतात. वाद्याचा प्रत्येक गट 'सॅम्पलर' पद्धतीने चालवायचा, म्हणजे सगळा मेमरीत, की डीएफडी पद्धतीने, हे आपण ठरवतो. आणि सुरुवात किती ठेवायची याला म्हणतात प्रीलोड. ऑप्शन्समध्ये मेमरीच्या पानावर त्याची पट्टी आहे: नेहमीचा आकडा ६० किलोबाइट, खाली ६ पर्यंत, वर २४० पर्यंत. ६० किलोबाइटने माझ्या २९६ फायलींच्या सुरुवाती मिळून १७-१८ एमबी होतात. अडीच जीबीची पेटी १८ एमबीत! मला वाटलं, जिंकलो.

आबांनी संथ आलापी वाजवली तेव्हा सगळं गुळगुळीत. मग जलद लयीत 'विठ्ठल विठ्ठल' गजर घेतला आणि आवाजात टक्-टक् फटी पडायला लागल्या. आबांनी काही न बोलता बोटं उचलली. घरात हे ठीक. पण देवळात, साठ-सत्तर माणसं टाळ घेऊन उभी असताना, गजराच्या ऐन भरात पेटी तुटली तर? दोन वर्षांनी बाहेर पडलेला माणूस परत कधी बसला असता का?

ही अडचण मी पप्पांना सांगितली ती नुसती मन मोकळं करायला. पप्पांना कॉम्प्युटर येत नाही. पाळीवरून आलेले, जेवत होते. त्यांनी विचारलं, "डिस्क एकच आहे ना? आणि सूर पंधरा-वीस? मग हे लूमसारखंच झालं."

पप्पा एकटे आठ शटल लूम सांभाळतात. कापडाचा आडवा धागा शटलमधल्या बॉबिनवर असतो. बॉबिन म्हणजे आपल्या मराठीत कांडी. ती संपली की लूम थांबतो, वेळेत कळलं नाही तर कापडात खोट येते. कारागीर आठ लूमच्या मध्ये फेऱ्या मारत असतो आणि संपत आलेल्या बॉबिन बदलत असतो. त्यामुळे सगळा खेळ एका प्रश्नाचा: मी एक फेरी मारून परत येईपर्यंत ही बॉबिन पुरेल का?

"बॉबिन मोठी घाल," पप्पा म्हणाले, "नाहीतर लूम कमी कर. नाहीतर कारागीर बदल." आणि त्यांनी वरणात भाकरी कुस्करली.

या तीन वाक्यांपुढे सांगण्यासारखं खरं तर काही नाही. फक्त आकडे घालते.

कारागीर म्हणजे डिस्कची सुई. माझी डिस्क जुनी, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची; तबकडीच्या एका फेरीलाच ११ मिलिसेकंद जातात. सुई हलून योग्य जागी पोचायला आणि ती जागा तिच्याखाली यायला मिळून सरासरी १५ मिलिसेकंद धरा. वाचायचा वेग ही अडचण नसतेच. वीस सूर एकदम वाजले तरी सेकंदाला सहा एमबी लागतात, आणि जुनी डिस्कही त्याच्या कितीतरी पट देते. वेळ जातो तो एका सुराकडून दुसऱ्याकडे चालत जाण्यात. ६० किलोबाइटची बॉबिन पुरते सेकंदाचा पाचवा हिस्सा, २१० मिलिसेकंद. तेवढ्यात सुई १४ ठिकाणी जाऊन येते. म्हणजे एका वेळी १४ आवाजांपर्यंत निभतं, त्यापुढे कुणाची तरी बॉबिन रिकामी होणार.

आणि माझ्या पेटीत एक पट्टी म्हणजे किती आवाज? खर्ज आणि नर, दोन. हलका भाता आणि भरला भाता दोन्ही एकदम वाजत असतात, आणि आबांच्या उजव्या पायाखालच्या पेडलने त्यांचं प्रमाण कमीजास्त होतं, झाले चार. जवळचा आणि लांबचा रेकॉर्डर धरून आठ. जलद गजरात एक पट्टी सुटतेय, एक दबलेली आहे, तिसरी दाबली जातेय, अशा तीन पट्ट्या कायम जिवंत असतात. म्हणजे २४. चौदाच्या कारागिराला चोवीस लूम.

सर्वांत सरळ उपाय कारागीर बदलण्याचा, म्हणजे एसएसडी बसवण्याचा. तिच्यात तबकडीही नाही आणि सुईही नाही, चालत जायचा वेळ जवळजवळ शून्य. तुम्हाला परवडत असेल तर हा सगळा लेख विसरा आणि ती घ्या. आमच्याकडे तेव्हा आबांच्या फिजिओथेरपीचा खर्च चालू होता. म्हणून उरलेल्या दोन उपायांवर काम केलं.

लूम कमी करणं आधी. देवळाच्या हॉलला स्वतःचाच घुमारा आहे. तिथे घराचा घुमारा आणखी वाजवून काय मिळणार? लांबच्या रेकॉर्डरचा पूर्ण गट मी बंद करून पर्ज केला. पर्ज म्हणजे मेमरीतून काढून टाकणं. आवाज २४ वरून १२ झाले. मग बॉबिन मोठी: प्रीलोड ६० वरून १२०. आता सुईला ४३० मिलिसेकंद मिळतात, म्हणजे २८ ठिकाणं. लागतात १२, सुटलेल्या सुरांच्या शेपट्या धरून वीसच्या आत. मेमरी किती वाढली? काहीच नाही, फायली निम्म्या झाल्या आणि बॉबिन दुप्पट, परत तेच १७-१८ एमबी. मी २४० पर्यंत जाऊ शकले असते. गेले नाही, कारण मोठी बॉबिन भरायलाही वेळ लागतो आणि वाद्य उघडताना वाट बघावी लागते. देवळात लाईट गेली तर परत लवकर उघडायला हवं.

बाकीची कामं बारीक आहेत, पण कुणाला उपयोगी पडतील म्हणून सांगते. सगळ्या फायली कॉन्टॅक्टच्या एनसीडब्ल्यू प्रकारात बदलल्या. आवाज जराही न बिघडता आकार कमी होतो आणि डिस्कवरून कमी ओढावं लागतं. तबकडीची डिस्क असेल तर ती डीफ्रॅगमेंट करावी, म्हणजे एका सुराचे तुकडे दहा ठिकाणी विखुरलेले राहत नाहीत. सुरांचं फोल्डर अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळावं, नाहीतर प्रत्येक सुराला दारात झडती. ब्राउझर बंद. मेमरी काठोकाठ भरू देऊ नये. ती भरली की विंडोज त्यातला काही माल डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि मग सुईला आपल्या सुरांबरोबर ती हमालीही करावी लागते.

आणखी एक बफर आहे, त्याची आणि प्रीलोडची गल्लत होते. तो ऑडिओ बफर. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत किती उशीर, हे तो ठरवतो. ४८ किलोहर्ट्झला १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद. मला काही जाणवलं नव्हतं. आबा म्हणाले, पेटी टाळाच्या मागे पडते. २५६ केला, म्हणजे पाच मिलिसेकंद. तेव्हा मान हलली. कॉन्टॅक्टमध्ये वरच्या बाजूला मेमरी, आवाजांची संख्या आणि डिस्कवरचा ताण दाखवणारे आकडे असतात. आबा वाजवत असताना मी त्या आकड्यांकडे बघत बसायचे, पप्पा आठ लूमकडे बघतात तशी.

माघी एकादशीला आबा देवळात खुर्चीवर बसले. पुढे की-बोर्ड, उजव्या पायाखाली पेडल, बाजूला मी लॅपटॉप घेऊन. काही जण आधी बिचकले. एक काका म्हणाले, आता देवासमोरपण मशीन? मृदंगवाले मात्र म्हणाले, आधी सूर तर लावू. आबांनी काळी एकवर षड्ज धरला, आणि मृदंगवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. ही पेटी त्यांनी चाळीस वर्षं शेजारी बसून ऐकली होती. वरच्या सप्तकातला एक निषाद थोडा चढा लागतो, तोही तिथेच होता. मी तो दुरुस्त करू शकले असते. केला नाही.

गजराला सगळ्यात जास्त आवाज दिसले १९. फट पडली नाही.

आबा ऐंशीच्या घरात आहेत. झटक्याच्या आधीपासूनच त्यांना अभंगाची कडवी पटकन आठवत नाहीत. पण पहिला शब्द कुणी दिला की पुढचं न थांबता येतं, शेवटच्या नाममुद्रेपर्यंत. आम्ही शेजारी बसणारे ते काम करतो: कडवं संपत आलं की पुढचा पहिला शब्द हळूच सांगायचा. पूर्वी मला वाटायचं, आबांचं सगळं पुसत चाललंय. आता वाटतं, सगळं तिथे आहे. चालत जायला वेळ लागतो, तेवढा वेळ आपण भरून काढायचा.

पर्ज केलेल्या १४८ फायलींबद्दल सांगायचं राहिलं. पर्ज म्हणजे डिलीट नव्हे. फायली डिस्कवर जशाच्या तशा राहतात, फक्त मेमरीत येत नाहीत. एका मित्राने सुचवलं की जागा अडते, उडवून टाक. पण स्वयंपाकघराच्या दारातल्या त्या रेकॉर्डरने पहाटेचं घरही टिपलंय. मंद्र पंचमाच्या मागे आजीने चुलीवर, म्हणजे गॅसवर, आधण ठेवल्याचा आवाज आहे. मध्यमात कुठेतरी पप्पांचं खोकणं. आणि सगळ्या सुरांच्या मागे सुरतेतली शांतता आहे, लूम बंद असतानाची. ती वर्षातून एकदाच मिळते.

म्हणून मी वाद्याच्या दोन प्रती ठेवल्यात. एकीचं नाव 'देऊळ', दुसरीचं 'घर'. 'घर'मध्ये लांबचा रेकॉर्डर चालू असतो. त्यात जलद गजर वाजवता येत नाही, डिस्क धापा टाकते. पण आबा पहाटे उठतात, हेडफोन लावतात आणि एका बोटाने, अगदी सावकाश वाजवतात. तेवढं ती डिस्क निभावते.